वैमानिकाची खांदेमळणी

माझा जन्म पोळ्याचा. जन्मतारीख शाळेला आणि विमान कंपनीला लागायची, आईला ती कधीच लागली नाही. बैलांवर झुली चढल्या की माझं वय एकानं वाढायचं. लहानपणी मला याचा भारी राग यायचा, कारण त्या दिवशी पहिला मान बैलांचा आणि पुरणपोळी मला त्यांच्यानंतर.

वसमतपासून थोडं आत आमचं गाव. तिथला पोरगा वैमानिक झाला याचं गावाला कौतुक होतं, पण त्याहून जास्त शंका होत्या. "वर गाडी बंद पडली तं ढकलाय कोण येतं?" असं पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मला अगदी काळजीनं विचारलं होतं.

कधीमधी माझा रस्ता आपल्या शेतावरून जातो, असं मी आईला एकदा सांगून बसलो. झालं! त्या दिवसापासून दुपारचं विमान वाजलं की आई हातातलं काम टाकून उघड्यावर यायची आणि वर बघून हात करायची. प्रत्येक विमानात मी नसतो, हे किती वेळा समजावलं.

"तू नसशील तं दुसऱ्या कुण्या मायचं लेकरू असंल," म्हणायची आणि हात करतच राहायची.

वरून काय दिसणार? ढग नसले तर सिद्धेश्वर धरणाचं पाणी चकाकायचं. त्यावरून मी अंदाज बांधायचो, की आता खाली आई. सहवैमानिकाचं लक्ष नाही असं बघून मीही दोन बोटं उचलायचो.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला पासष्ट पूर्ण झाली की थांबावं लागतं. डोळे ठणठणीत असोत, रक्तदाब उत्तम असो, नियम कोणाची नाडी बघत नाही. मला त्या नियमाचा मनस्वी संताप होता. काल ज्याच्या भरवशावर विमानभर माणसं डोळे मिटून झोपली, तो आज एकदम म्हातारा कसा होतो? शेवटच्या फेरीनंतर विमानावर अग्निशमन बंबांच्या पाण्याची कमान धरली, हार घातले, केक कापला. मी हसून फोटो काढून घेतले आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

मग गाव गाठलं. तो पोळ्याचा आदला दिवस होता. धाकट्या भावाकडे ट्रॅक्टर आहे, पण आईच्या हट्टापायी एक बैलजोडी त्यानं ठेवली आहे. आई गोठ्यात होती. मला बघून तिला आनंद झाला नाही, ती दचकली.

"तू हितं काहून? उद्या तुजं शेवटचं इमान हाय ना?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाढदिवसापर्यंतच उडवता येतं, असं मी फोनवर तिला सांगितलं होतं. तिच्या लेखी माझा वाढदिवस म्हणजे पोळा, आणि यंदा पोळा तारखेच्या नंतर आला होता. उद्या शेवटचा हात करायचा म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं, असं भावानं हळूच सांगितलं.

"माय, झालं ते. परवाच झालं. ते लोक तारीख धरतात."

"परवा?" ती म्हणाली, "परवा तं मी वसमतला गेल्ते. डोळे दाखवाया."

इतकी वर्षं तिनं कोणाकोणाच्या लेकरांना हात केले, आणि माझीच शेवटची फेरी तिची हुकली. मला स्वतःपेक्षा तिचं वाईट वाटलं.

ती बैलांकडे वळली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आईनं दोन्ही बैलांचे खांदे सावकाश चोळले. वाटीत थोडं उरलं होतं.

"बस हितं. सदरा काढ."

"माय, काय हे?"

"काढ म्हन्ते ना."

भाऊ हसायला लागला, मग त्यानंच माझा सदरा हातात घेतला. ज्या खांद्यांवर मी इतकी वर्षं चार सोनेरी पट्ट्या मिरवल्या, त्यांवर आईचे खरखरीत हात फिरले. "लई वढलंस," ती म्हणाली. आणि बैलांना म्हणाली होती तसंच, त्याच आदरानं मलाही म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

हार घालून घेताना मी रडलो नव्हतो. गोठ्यात रडलो.

दुसऱ्या दिवशी बैलांचं झालं आणि आईनं माझं ताट वाढलं. ठेवणीतलं लुगडं तिनं नेसलंच होतं. मी दुसरी पोळी मोडत होतो तेवढ्यात वर दुपारचं विमान वाजलं. माझा हात थांबला. मी आईकडे बघितलं.

ती उठली नाही. माझ्या पोळीवर तूप सोडत म्हणाली, "खा तू. आज माजे समदे घरी हायत."