फुलं आली की कार्ड टाकतात

वाळू झटकली की जाते, किस्से जात नाहीत. आमची जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची टीम दर सप्टेंबरात गाड्यांच्या चाचण्यांसाठी कॅलिफोर्नियाला जायची, आणि रविवारी तिथल्या एका अवाढव्य वाळवंटी स्टेट पार्कमध्ये. परत आलो की कँटीनमध्ये किस्सेच किस्से! त्यातले निम्मे आमच्या टीममधल्या बापटाचे.

पहिल्या वर्षी आमच्या थॉमसने रेंजरला विचारलं, "आमच्या तंबूचा नंबर कोणता?"

"नंबर नाही. कुठेही ठोका."

थॉमस अर्धा तास फिरला. क्षितिजापर्यंत चिटपाखरू नव्हतं. शेवटी त्याने आमच्या तंबूला खेटूनच आपला ठोकला. म्हणाला, "आता कशी रांग झाली!"

तिथे जाळ लोखंडी भांड्यातच करायचा, आणि राखसुद्धा आपणच परत न्यायची. बापटाने वांगं भाजलं, राख पिशवीत भरली आणि विसरून थेट घरी आणली. त्याच्या बायकोने, नंदावहिनींनी, त्या राखेने पितळी डबे घासले. "अहो, इतकी चांगली राख इथे मिळते कुठे?" म्हणाल्या.

वहिनी पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बापटाच्या नोकरीपायी सगळं सोडून आल्या. वाळवंटातली फुलं बारा वर्षं शिकवली, पण पाहिली नव्हती. बापटाला ते फार लागलं होतं.

पण आमच्याकडे वर्षभराचा उरलाउब, म्हणजे सुट्ट्या, जानेवारीतच तक्त्यावर लिहून द्यायचा. बापटाने फुलांचा महिना म्हणून मार्च लिहिला आणि वहिनींना त्याच पार्कमध्ये घेऊन गेला. त्या हिवाळ्यात पाऊसच नव्हता! वहिनींनी चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन निरखली. "अहो, आहेत. बी झोपलंय."

निघताना त्या पार्कच्या ऑफिसात स्वतःच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं कार्ड ठेवून आल्या. फुलं येणार असली की ते लोक कार्ड पोस्टात टाकतात.

पुढच्या वर्षी बापटाने शहाणपणाने एप्रिल लिहिला. कार्ड आलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलात गेले तर नुसते वाळके देठ. वहिनींनी त्यांचेही फोटो काढले, आणि नवं कार्ड ठेवलं.

तिसऱ्या जानेवारीत बापटाने आपली ओळ कोरीच सोडली. आमचे साहेब, हेर क्रूगर, कोरा चौकोन सहन न होणारे.

"सुट्टी कधी?"

"कार्ड आलं की."

"कार्ड कधी येणार?"

"पाऊस पडला असेल तर."

क्रूगरसाहेब तक्ता घेऊन गेले. आम्ही बापटाच्या सुट्टीच्या नावाने आंघोळ केली.

मार्चात कार्ड आलं, वहिनींच्याच अक्षरातलं. नेमकी तेव्हा नव्या गाडीची घाई होती. बापटाने ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि उभा राहिला.

साहेबांनी कार्ड वाचलं. ड्रॉवरमधून तक्ता काढला. बापटाच्या ओळीत फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत पेन्सिलीची फिकट रेघ होती. त्या तक्त्यावर पेन्सिल आम्ही कधी पाहिली नव्हती.

"किती दिवस टिकतात?"

"दोन-तीन आठवडे."

"गेनाऊ. अगदी बरोबर." साहेबांनी तीन आठवडे शाईने गिरवले आणि बाकीची रेघ खोडरबराने पुसली.

खालची ओळ त्यांची स्वतःची होती. त्यातली, त्याच महिन्यांत येणारी ईस्टरची सुट्टी खोडलेली होती.