मेलेल्या नाकाला आलेला वास

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. लोहाऱ्यात मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. गळती असली की कारण सापडतंच, असा आमचा धंदा.

कोरोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. फोडणी, फिनेल, अगरबत्ती... सगळं सारखंच. गिऱ्हाइकांना मी हे सांगितलं नाही. वास न येणाऱ्या मिस्त्रीला शेगडीला हात कोण लावू देईल? जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती — एवढ्यावर निभावत होतो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी शेजारच्या माकणी गावात रशीदाखालांची शेगडी बघत होतो. अचानक गॅसचा भपकारा आला. घसा खवखवला! फेस लावला, बुडबुडा नाही. सिलिंडर अंगणात नेलं, तरी वास तसाच.

"खाला, वास येतोय का?"

"न्हाय बाबा, कायबी न्हाय."

का कोण जाणे, मला घर आठवलं. बायकोला फोन लावला.

"सुनीता, गॅस पेटवलास का?"

"पेटवायलेय की. काडी हातातच हाय."

"पेटवू नको! गॅसचा वास येतोय. रेग्युलेटर बंद कर अन् भाइर पळ!"

"मला तर सर्दीनं कसलाच वास न्हाय..." ती थांबली. "अहो, तुमाला वास? तिथं माकणीत बसून?"

"आधी बंद कर गं!"

तिनं बंद केलं. इकडं दोन मिनिटांत वास तुटला.

घरी येऊन पाहिलं, तर ओट्यामागं उंदरानं पाइप कुरतडलेला. मी अंगणात बसून ढसाढसा रडलो. मग फिनेलची बाटली हुंगली... काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, योगायोग. असेल. पण मी अंदाज बांधला नव्हता हो, मला वास आला होता!

हे आज लिहितोय, कारण परवा दुकानात तो वास पुन्हा आला. घरी फोन केला, सगळं ठीक. मग वहीतल्या एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत सुटलो. कुणी हसलं, कुणी वैतागलं. नऊ जणांनी उचललाच नाही. चारच्या सुमारास वास आपोआप थांबला.

कालपासून मोटरसायकलवर त्या नऊ घरांच्या दारात जातोय. सात झाली, सगळी सुखरूप. दोन घरांना कुलूप आहे, आणि ती माणसं कुठं गेलीत हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही.