कंगव्यातले केस

माझ्या डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही. त्यामुळे कंगव्यात अडकलेले दोन-चार केस मी रोज सकाळी हळहळत बघतो आणि मग खिडकीतून बाहेर टाकतो. गेल्या आषाढात एकदा कंगवा बघितला तर स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ, तिसऱ्या दिवशीही. घरात माणसं दोनच, मी आणि बायको. केस मी काढले नव्हते. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मी भित्रा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये काढली. नऊ-नऊ महिने पाणी, मग दोन-अडीच महिने घर, की परत पाणी. वादळं बघितली, आग बघितली, पण भूत कधी बघितलं नाही. बोटीवर शीळ घालायची नाही, एवढं मी पाळत आलो. पण ते वेगळं. तो बोटीचा नियम आहे.

दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी आलो. पावसच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं चिऱ्याचं घर. पुढे खळं, मागे थोडे माड आणि आंब्याची कलमं. आल्या आल्या मी सगळं ताळ्यावर आणायला घेतलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. पंप कधी लावायचा, कधी बंद करायचा ते ठरवून दिलं. बायको बाहेर निघाली की कुठे, कशाला, कधी परत, एवढं विचारून ठेवायचो. बोटीवर असंच असतं, कुठला माणूस कुठे आहे ते माहीत असावं लागतं. बायको काही बोलली नाही. मला वाटलं, आवडलं असेल तिला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वरच्या कलमांच्या बागेतलं रिकामं घर एका बाईने भाड्याने घेतलं. बाई पुण्याची, चाळिशीतली, केस मोकळे, बोटाबोटांत चांदीच्या अंगठ्या. पुण्याहून माणूस इकडे येतो तो जमिनीसाठी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी सरळ जाऊन विचारलं, काय करता म्हणून.

"काका, मी विच आहे," बाई हसत म्हणाली. दुसरी कोणी मी तलाठी आहे म्हणेल, तसं.

"म्हणजे चेटकीण?"

"हो. पण त्या शब्दाला आता घाबरायचं नाही, असं आम्ही ठरवलंय."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"जगभर आहोत की!"

घ्या! आमच्या गावात आजवर कोणाला चेटकीण म्हटलं तर तिचं पाणी तुटायचं, लग्नाकार्यात तिला कोणी बोलवायचं नाही. आणि ही बाई आपण होऊन सांगतेय, वर मला गवती चहा पाजतेय. मग तिने समजावलं. वर्ष म्हणजे एक चाक असतं. सगळ्यात मोठा दिवस, सगळ्यात लहान दिवस, पेरणी, कापणी, असे त्याचे आठ सण. त्या त्या सणाला बायकांनी जमायचं, दिवा लावायचा, त्या ऋतूतला पाला ओळखायचा, उकळायचा, देवीच्या गोष्टी सांगायच्या, मनातलं बोलायचं.

"आठच?" मी म्हटलं. "आठ सणांत आमचा श्रावणसुद्धा आटपत नाही."

बाई खळखळून हसली. मी हसलो नाही. हसणाऱ्या माणसाचं कुठे पाणी मुरतंय ते लवकर कळत नाही.

बघता बघता वाडीतल्या बायका तिच्याकडे जायला लागल्या, आणि त्यांच्यात आमची सगळ्यात पुढे. पुनवेला, अवसेला, दुपारचा चहा झाला की निघाली. परत यायची ती हसत. एकदा म्हणाली, "आज साती आसरांची गोष्ट सांगत होती. म्हणाली, त्या नदीच्या कोंडीत राहतात, त्यांना फुलं वाहायची. मी म्हटलं, बाई गो, नुसत्या फुलांनी आसरा कुठल्या खूश होतात? त्यांना हिरव्या बांगड्या लागतात. तर ती लगेच लिहून घ्यायला लागली."

"आणि बाकी काय बोलता?"

"ते तिथलं तिथे."

तीस वर्षांच्या संसारात 'तिथलं तिथे' असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो, आणि बघावं तिथे काहीतरी सापडायला लागलं. खोलीच्या चारी कोपऱ्यांत खडेमीठ. माझ्या उशीच्या अभ्र्यात एक पुरचुंडी, आत वेखंडाचा तुकडा आणि कसला तरी सुकवलेला पाला. रोज सकाळी पितळी पेल्यात काढा, हिरवट काळा, कडूजहर. "प्या, पित्ताला बरं," म्हणायची. ती आत वळली की मी तो पडवीतून जास्वंदीच्या बुंध्यात ओतायचो. जास्वंद त्या पावसाळ्यात अशी फुलली की माझा संशय आणखीच वाढला. आणि तेवढ्यात हे कंगव्याचं.

माझा एक मित्र आहे, तोही बोटीवरूनच रिटायर झालेला. पावसच्या स्टँडवर आम्ही चहाला भेटतो. त्याच्या कानावर घातलं तर त्याने कप खाली ठेवला.

"केस न्हेले? मग मेल्या, झालंच तुझं."

"काय झालं?"

"वश करतेय तुला. बांधून घालतेय. बायकोच्या मुठीत गेलास तू. आता तुला उंबऱ्याबाहेर पडणं नाय!"

खरं सांगतो, भीती वाटली, पण आतून थोडं बरंही वाटलं. या वयात आपल्याला बांधून ठेवावं असं कोणाला तरी वाटतंय, ही काही लहान गोष्ट नाही. तरी माझ्याच घरात माझ्यावरच करणी, हे खपवून कसं घ्यायचं? मित्राने स्कूटरवर बसवलं आणि हातखंब्याच्या पलीकडे एका भगताकडे नेलं. भगताने सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ बघितले.

"जवळचं माणूस आहे," तो म्हणाला.

"किती जवळचं?"

"घरातलं."

"घरात आम्ही दोघंच."

"मग बघा आता तुम्हीच," म्हणाला, आणि माझ्या पायाला काळा दोरा बांधला.

तो दोरा लपवायला मी घरात मोजे घालून फिरायला लागलो. आमच्या हवेत, आषाढात, मोजे! चौथ्या दिवशी बायकोने बघितलाच.

"हे काय?"

"वाताचं आहे."

"काळ्या दोऱ्याने वात जातो?"

"आणि कोपऱ्यातल्या मिठाने काय जातं?"

तिने फक्त माझ्या मोज्यांकडे बघितलं. मी आवाज चढवला. म्हटलं, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्या बाईला पोलिसात देईन. "द्या की," ती शांतपणे म्हणाली. "मला पण न्या. जाताना मोजे तेवढे काढून जा, साहेबांना दोरा दिसू दे."

मग नारळी पौर्णिमा आली. हा दिवस आमच्या घरात माझा. मी बोटीवर असताना बायको दर वर्षी माझ्या नावाने समुद्राला नारळ द्यायची. मी कुठल्या तरी परक्या बंदरात असायचो आणि मागाहून फोनवर ऐकायचो, "दिला हो नारळ." घरी आल्यावर मागच्या वर्षी मी तिच्याबरोबर गेलो होतो, छत्री धरून, "आटप, भरती चढतेय" असं म्हणत. यंदा म्हणाली, "मी त्यांच्याबरोबर जाते. तुम्ही नका येऊ."

नका येऊ! माझ्या नारळाला मीच नको?

मी वरच्या पाखाडीच्या पायऱ्यांनी त्यांच्या आधी किनाऱ्यावर गेलो. पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेली एक होडी होती, माडाच्या झापांनी झाकलेली. तिच्या आड बसलो. पाऊस नव्हता, चार-साडेचारचं उन्ह पडलेलं. बायका आल्या, पाच-सहा जणी, आणि ती पुण्याची. तिने वाळूत शिंपल्यांचं रिंगण केलं, मध्ये मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती लगेच विझवली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. शेवटी आमची म्हणाली, "राहू दे गो ती. सरळ गाऱ्हाणं घालूया. समुद्राला कळतं तसं सांगूया."

आणि ती घोटाभर पाण्यात शिरली. हातात नारळ, नारळाला लाल दोरा, आणि त्या दोऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी काळं-पांढरं. माझे केस!

"बा समुद्रा," ती मोठ्याने म्हणाली, "इतकी वर्षं माझा घरवाला तुझ्याकडे होता. दर वर्षी मी सांगितलं, धडधाकट परत दे. दर वर्षी दिलास."

"व्हय महाराजा!" बाकीच्या बायका ओरडल्या. पुण्याचीही ओरडली.

"तो बोटीवर असायचा तेव्हा मी त्याची वाट बघायचे. घर माझं होतं, दिवस माझा होता, आणि वाट त्याची होती. त्याचा आवाज आला की जीव हरखून जायचा. आता तो दिवसभर समोर असतो, आणि मला तो दिसेनासाच झालाय. सारखा आवाज तेवढा येतो. डबे कुठे ठेवू, ते पण मला विचारावं लागतं."

"व्हय महाराजा!"

"वाईट माणूस नाय तो. पण त्याला परत बोलव. कायमचा नको. वर्षातनं थोडे महिने ने, नि धडधाकट आणून सोड. मला त्याची वाट बघू दे. ओळखायला चूक नको म्हणून हे त्याचे केस."

"व्हय महाराजा!"

नारळ पाण्यात गेला. लाटेने एकदा परत आणला, मग घेऊन गेली. बायका हसत होत्या, एकमेकींना कुंकू लावत होत्या. आमची हसत नव्हती, पदराने डोळे टिपत होती.

मी होडीआड तसाच बसून राहिलो. बांधून घालतेय म्हणून मी मनात मिरवत होतो, आणि ती माझी दोरी सोडत होती. मला रडू आलं. सांगायला लाज कसली? इंजिनरूममध्ये तीस वर्षं जिच्या फोनची वाट बघितली, तिला मी नकोसा झालो होतो. आणि नकोसा नव्हतोही, हे तर आणखीच जिव्हारी लागलं.

संध्याकाळी तिने नारळीभात वाढला. "तोंड का असं?" म्हणाली.

"पित्त," मी म्हटलं.

तिने काढा आणून दिला. या वेळी मी तो प्यायलो, तिच्यासमोर, शेवटच्या घोटापर्यंत. मग सहज विचारावं तसं विचारलं, उशीत काय आहे ते.

"झोपेत ओरडता तुम्ही. 'इंजिन बंद करा, इंजिन बंद करा' म्हणून. त्याने शांत झोप लागते म्हणाली ती पुण्याची. दोन वर्षं ओरडताय."

"आणि मीठ?"

"तुम्हालाच लागलेली दृष्ट जायला. पावसच्या स्टँडवर बसून बोटीच्या बढाया मारता ना, म्हणून."

केसांबद्दल मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी मिरकरवाड्याच्या बंदरात गेलो. बोटींचा मोसम सुरू झाला होता. ओळखीच्या एका ट्रॉलरमालकाला इंजिन बघायला माणूस हवाच होता. बोट चालवणारा तांडेल माझ्या पोराच्या वयाचा, निम्मे खलाशी नेपाळी, जागा एवढीशी, आणि डिझेलचा तो ओळखीचा वास. मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तुम्ही? या वयात?" आणि डोळ्यांत पाणी.

मी त्या पाण्याकडे नीट निरखून बघितलं. समुद्राने ऐकलं म्हणून आलंय, की मी जातोय म्हणून? संशय एकदा लागला की सुटत नाही. निघताना पाखाडीच्या वळणावर थांबून मी कान दिला. माणूस प्रवासाला गेला की आमच्याकडे संध्याकाळपर्यंत घर झाडत नाहीत. केरसुणीचा आवाज आला नाही. बरं वाटलं.

तिने मागितले तसे थोडे महिने वगैरे काही झालं नाही. आठवड्याभरात हवा बिघडली, बंदराला धोक्याचा बावटा लागला, सगळ्या बोटी माघारी वळल्या. फोन करायचा नाही, असं मी मुद्दाम ठरवलं. न सांगता गेल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. एसटीतून उतरलो तोवर दुपार कलली होती. पाखाडी चढताना मनात एकेक रंगवत होतो. खळ्यात मेणबत्त्या असणार, शिंपल्यांची रिंगणं असणार, डबे परत हवे तसे लावलेले असणार, पंप वाटेल तेव्हा चालू, आणि हसण्याचे आवाज.

वळण घेतलं तर बायको बेड्यापाशी, खळ्याच्या बांबूच्या फाटकाशी उभी. बांबूवर हात ठेवून खालच्या वाटेकडे बघत होती. अंगावर चांगलं लुगडं होतं.

"कशाला उभी आहेस?" मी दरडावूनच विचारलं.

"मोबाईलवर आलं, बोटी परत येतायत म्हणून."

"सकाळपासून उभी आहेस की काय?"

"छे! जेवून आले."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पण ती वळली नाही. माझ्याकडे बघत राहिली, कपाळापासून खालपर्यंत, सावकाश. बोटीवरून यायचो तेव्हा बघायची तसं.

"अहो," ती म्हणाली, "दाढी कधी एवढी पांढरी झाली तुमची?"

पांढरी होऊन चार वर्षं झाली होती.

"या आठवड्यातच," मी म्हटलं.