शाडूची विहीर

आमच्या कॉलनीत विहीर आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. दिंडोशीत विहीर? मग मी त्यांना दोन बिल्डिंगच्या मधल्या बोळातून मागे नेते आणि दाखवते. मागच्या टेकडीचं पाणी जमिनीखालून झिरपत तिथे येतं. इमारती व्हायच्या आधी इथे भाजीचे मळे होते, त्यांची ती विहीर. गिरणी बंद पडल्यावर वडील लालबाग सोडून इथे आले ते खोली बघून नव्हे. आईने विहीर बघितली आणि म्हणाली, हीच जागा. खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो हे आम्हाला सामान आत आणल्यावर कळलं.

आईला विहीर हवी होती गौरीसाठी. आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे गणपतीत गौर येते ती पाणवठ्यावरून. तेरड्याची रोपं विहिरीवर न्यायची, धुवायची, तिथेच पूजा करायची आणि जिच्या हातात गौर, तिने घर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पाणी मात्र जमिनीतून आलेलंच हवं. आई त्याला ‘जितां पाणी’, म्हणजे जिवंत पाणी, म्हणते. लालबागला चाळीच्या नळावर गौर धुताना ती दरवर्षी हळहळायची. इथे आल्यापासून कॉलनीतल्या सगळ्या कोकणातल्या बायका तिच्या मागून विहिरीवर जातात.

बाकीचं वर्षभर त्या विहिरीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. म्हणजे बघायचे, पण निर्माल्य टाकायला. हारासकट, पिशवीसकट. देवाचं आहे, कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून विहिरीत. मी भांडून भांडून थकले होते.

मग एका उन्हाळ्यात पाणीकपात लागली आणि टँकरसाठी बादल्या घेऊन उभं राहायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना विहीर आठवली. मी कमिटीच्या मागे हात धुऊन लागले. माणसं उतरली, गाळ उपसला. कुजलेली फुलं, तसबिरी, नारळ, काय काय निघालं. तळाशी खडक दिसला आणि खडकाच्या फटींतून करंगळीएवढे झरे सुटलेले दिसले. आईला खुर्ची आणून काठावर बसवलं होतं. ती वाकून बघत राहिली, मी मागून तिचा पदर धरून. पाणी चढलं, पंप बसवला, संडासाला आणि बागेला पाणी मिळायला लागलं. त्या दिवसांत मी फार खूश होते. उगाच कुणालाही चहाला बोलवत होते.

ते सुख गणपतीपर्यंत टिकलं. गणपतीच्या आधीच्या मीटिंगमध्ये आमच्या सेक्रेटरींना कल्पना सुचली. "कृत्रिम तलावावर रांगेत कोण मरणार? आपली विहीर आहे ना घरची! सगळ्यांनी शाडूचे गणपती आणा आणि इथेच विसर्जन करा. पर्यावरण पण सांभाळलं जाईल. झकास ना?"

लोकांना झकासच वाटलं. मी उठले. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, शाडू म्हणजे चिकणमाती. ती विरघळून नाहीशी होत नाही, तळाशी बसते. झऱ्यांची तोंडं लिंपून टाकेल. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून घरी जाऊन तळ कापलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या दोन बाटल्या उलट्या धरून आणल्या. एकीत वाळू, दुसरीत शाडू. दोन्हींत पाणी ओतलं. वाळूतून खळाखळा गळलं, शाडूवर तसंच उभं राहिलं.

"वा मॅडम, मस्त प्रयोग!" सेक्रेटरी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग त्याच हातांनी विहिरीत विसर्जन करायला संमती दिली. हात वर करणाऱ्यांत माझी आई होती.

घरी येऊन मी तिच्यावर ओरडले. "अगं, तुझीच विहीर ना ती? तू पण?"

"देवाक नाय कसा म्हणू?" ती म्हणाली. "त्याचीच माती. ती पाण्याचा वायट कित्याक करीत?"

पीओपीला सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्या घालायलाच हव्यात. पण शाडू म्हटलं की आपण पुण्यवान, पुढे काही विचारायचं नाही, हे कुणी ठरवलं? मला इतका संताप आला होता की विसर्जनाच्या वेळी मी खाली उतरलेच नाही. खिडकीतून नुसता ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ऐकत होते. कॉलनीतला एकेक गणपती विहिरीत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. उपसलेलं पाणी भरून येईना. तळाला करडा, गुळगुळीत थर बसला होता, चूल सारवल्यासारखा. मी म्हटलं, परत माणसं उतरवा, तो थर खरवडून काढा, झरे आतच आहेत. कमिटी म्हणाली, दरवर्षी हेच करत बसायचं का? विहीर मेली, मॅडम. वर स्लॅब टाकू, गाड्या लावायला जागा होईल.

मी घराघरांत जाऊन भांडले. शेवटी निदान गौरीपर्यंत थांबा म्हणून विनवलं. तेवढं त्यांनी ऐकलं. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, नीट भांडता तरी आलं असतं. त्यांनी काय केलं, तर म्हाताऱ्या बाईंची गौर तळाशी नुसतं पावसाचं डबकं साचलेल्या विहिरीवरून नको म्हणून आदल्या दिवशी टँकर मागवला आणि विहिरीत ओतला. मला सांगायलाही आले, मोठ्या प्रेमाने. मी कपाळावर हात मारला, पण आईला काही बोलले नाही.

सकाळी आई बायकांबरोबर विहिरीवर गेली. पाणी बघून तिचा चेहरा फुलला. बादलीने पाणी काढलं, रोपं धुतली, पूजा केली, गौर हातात घेतली. धुताना तिचा हात मध्येच थांबलेला मी पाहिला. घर येईपर्यंत ती गप्प होती, तशी ती असतेच. गौर पाटावर बसवली आणि मग माझ्याकडे वळली.

"पाण्याक औषधाचो वास येता," ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं नाही.

पण खरी कमाल त्यानंतर झाली. ते टँकरचं पाणी हललंच नाही. दिवसामागून दिवस गेले, विहीर होती तेवढीच भरलेली. हलणार कसं, तळ लिंपला होता! आतलं पाणी खाली जात नव्हतं आणि खालचं वर येत नव्हतं. सेक्रेटरींना त्यात वेगळंच दिसलं. त्यांनी मीटिंग बोलावली. म्हणाले, थेंबभर गळत नाही, असा हौद बांधायला गेलो तर परवडायचा नाही. स्लॅब रद्द. कठड्याला टाइल्स लावू, पायऱ्या करू आणि पुढच्या वर्षीपासून शेजारच्या सगळ्या सोसायट्यांचे गणपती इथेच घेऊ.

"विहीर वाचली, मॅडम!" ते हात जोडून म्हणाले. "तुमच्यामुळे वाचली."

लोक माझं अभिनंदन करायला लागले. कुणीतरी पेढाही हातात दिला. मी सांगत होते, अहो ती विहीर नाही राहिली, आणि लोक म्हणत होते, मॅडम, आता तरी हसा.

घरी आले तर आई वाट बघत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे पुढच्या वर्साक गौर खंयसून आणूची?"

मी चिडून मोरीतल्या नळाकडे बोट दाखवलं. ती उठली, भिंतीला धरत मोरीपर्यंत गेली आणि नळ सोडून बघितला. त्याला पाणी नव्हतं.