आपुलकी अपार्टमेंट्सची बिनतोड नोटीस

माझ्या चांगल्या इंग्रजीमुळे आमच्या मावशीवर एकसष्टाव्या वर्षी घर सोडायची पाळी आली.

आम्हाला तेव्हा दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. एका बाजूला उसाचं शेत, दुसऱ्या बाजूला चकचकीत गाड्यांची शोरूम आणि मधे आमचे अठ्ठेचाळीस फ्लॅट. सोसायटी बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी उभी केलेली. निम्मे मराठी, निम्म्यात उरलेला भारत. मराठी मंडळींनी हट्टानं नाव ठेवलं ‘आपुलकी अपार्टमेंट्स’. अध्यक्ष चड्ढाजी शेवटपर्यंत ‘आपकी अपार्टमेंट’ म्हणत राहिले. बाबा सेक्रेटरी. आणि मी, वय एकोणीस, शाळा कॉन्व्हेंट, चारचौघांत तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी, ही सोसायटीची नोटीस-लेखिका. (पाण्याची टाकी धुणार आहेत, हे मी इतक्या भारदस्त इंग्रजीत लिहायचे की लोक टाकीला वचकून असत.)

तिसऱ्या मजल्यावर निखिलदादा राहायचा. मूळचा अमरावतीचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, फ्लॅट स्वतःच्या नावावर. त्याच्याकडे आधी गुरप्रीत रविवारी यायला लागला, मग गुरप्रीतच्या कुंड्या आल्या, मग गुरप्रीतच आला. सगळ्यांना तो आवडायचा. फ्यूज उडाला, बोलवा गुरप्रीतला. गणपतीची आरास, बोलवा गुरप्रीतला. सोसायटीतल्या निम्म्या बाळंतिणी त्याच्याच व्हॅनमधून हॉस्पिटलात गेल्या होत्या. मराठी बोलायचा त्याला फार सोस. “काय म्हणता जी? बरं आहे का जी?”

मग एके दिवशी सुतारानं बातमी फोडली. दोन बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये त्यानं एकच पलंग बनवला होता. डबल!

त्याच संध्याकाळी कमिटी आमच्या हॉलमध्ये जमली.

“साठेजी, ये फॅमिलीवालों की सोसायटी है,” चड्ढाजी म्हणाले. “उस सरदार को निकालना पड़ेगा.”

“बिल्कुल,” बाबा म्हणाले. (बाबांनी आयुष्यभर वरिष्ठांना दोनच गोष्टी सांगितल्या. एक ‘बिल्कुल’, आणि दुसरीही ‘बिल्कुल’.)

“नाम नहीं लेंगे. बस एक नोटीस लगाएंगे. बिटिया, लिखो. ‘बॅड टाइप पीपल नॉट अलाउड.’”

इथे मी म्हणायला हवं होतं, अंकल, तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला व्हॅन कोणी चालवली? मी म्हणाले, “अंकल, ‘बॅड टाइप’ फार व्हेग आहे.”

ही नोटीस कोणासाठी आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. कुठलं शिक्षण कमी पडलं होतं असंही नाही. तरी मी मान खाली घालून मसुदा सुधारत बसले, आणि असा सुधारला की त्यातून मुंगी शिरणार नाही. फ्लॅटमालकाशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेल्या व्यक्तीच फ्लॅटमध्ये राहू शकतील. बाकीच्यांनी महिनाअखेरीस जागा सोडावी. वाचून पाहिलं तर शेवट जरा पडल्यासारखा वाटला. म्हणून पुढे जोडलं, ‘विदाऊट एक्सेप्शन’.

“वाह!” चड्ढाजी म्हणाले. मी लाजले. खरंच लाजले! आजही तो क्षण आठवला की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

नोटीस लागली आणि गेटवर रामअवतार रजिस्टर घेऊन उभा राहिला. रामअवतार पूर्वी फौजेत होता. त्याला हुकूम कळायचा. हुकूम कोणासाठी आहे, हे कुजबुजून सांगायला कमिटी विसरली.

पहिल्याच सकाळी त्यानं यूपीएससीच्या तयारीसाठी लातूर-परभणीहून आलेली चार मुलं अडवली.

“मालिक आपके क्या लगते हैं?”

“घरमालक लगते हैं, भैया!”

“खून से या शादी से?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. राज्यघटना पाठ होती, पण हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.

दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा दिवसरात्र सांभाळ करणारा माणूस अडकला. आजोबा पायजम्यात, भिंतीला धरत धरत खाली आले आणि गेटवर ओरडले, “माझा पोटचा पोरगा दुबईत आहे! त्याला ठेव बाहेर, याला आत सोड!” संध्याकाळी चड्ढाजींची सून अडकली. चड्ढाजींचा मुलगा अमेरिकेत जाऊन तिथूनच घटस्फोटाचे कागद पाठवून मोकळा झाला होता. सून आणि नात सासरीच राहत होत्या. रामअवतारनं, फुलं विकणाऱ्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या देखत, तिला विचारलं, “मॅडम, शादी तो कॅन्सल हो गई ना?”

चड्ढाजींनी रामअवतारची ड्यूटी मागच्या गेटला लावली. मग लोक मागच्या गेटला अडकू लागले.

तिसऱ्या दिवशी मी आणि शकूमावशी दूध घेऊन मागच्या गेटनं आत येत होतो.

“माताजी, साठेसाहब की क्या लगती हैं?”

मी हसून म्हणणारच होते की मेव्हणी. मावशीनं दुधाची बरणी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, “कुछ नहीं लगती, बेटा.”

रामअवतारनं लिहून घेतलं.

मला वाटलं मावशी गंमत करतेय. घरी येऊन आईला हसत सांगितलं, तर आई हसेना.

“ती माझी सख्खी बहीण नाही गं,” आई म्हणाली.

“म्हणजे चुलत?”

“कोणीच नाही.”

शकूमावशीचे यजमान वारले आणि दिरानं तिला बाहेर काढलं. त्या वेळी ती आईच्या ऑफिसात टायपिस्ट होती. “चार दिवस राहते,” म्हणून ती आमच्या क्वार्टरमध्ये आली. माझ्या बारशाच्या आधीच्या आठवड्यात. ते चार दिवस एकोणीस वर्षं चालले होते. मला गोवर आला तेव्हा उशाशी ती. मला मराठी वाचायला शिकवलं तिनं; शाळेत मराठी बोललं की दंड पडायचा, तो दंडही तिनेच भरला. आणि माझ्या नोटिशीप्रमाणे ती कोणीच नव्हती.

बाबा चड्ढाजींकडे धावले. चड्ढाजींनी हात जोडले. “मैं क्या करूँ साठेजी? ‘विदाऊट एक्सेप्शन’ लिखा है. आपकी ही बिटिया की इंग्लिश है.” बाबा परत येऊन म्हणाले, “आपण शकूताईंना दत्तक घेऊ या का?” मावशी बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी होती! आईनं बाबांकडे असं पाहिलं की बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत मावशी तिची पत्र्याची ट्रंक भरत होती. रडत वगैरे नव्हती. साड्यांच्या मधे डांबराच्या गोळ्या ठेवत होती.

मी तिसरा मजला चढले. दार गुरप्रीतनं उघडलं. टेबलावर माझी नोटीस.

“लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे,” निखिलदादा म्हणाला. “कुठे फट नाही. वकिलाला दाखवली. तो म्हणाला, कोर्टात जाऊ नका, तुम्ही काय आहात ते तिथे कळलं तर कायदाच तुम्हा दोघांना गुन्हेगार म्हणेल.”

मी दारालगतच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

“तुम्ही लिहिली ना जी?” गुरप्रीतनं माझ्यापुढे चहा ठेवला. “पूर्ण सोसायटीत सेमीकोलन दुसऱ्या कोणाला येतो?”

“सॉरी, निखिलदादा. मी खरंच...”

“माफी मागू नकोस,” तो शांतपणे म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “माफी मागून तुला बरं वाटेल. मला काय मिळेल? रविवारी मीटिंग आहे. तिथे तोंड उघड.”

तोंड! माझं! मी रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायला लाजते आणि दोन चौक पुढे उतरून चालत येते.

रविवारी पार्किंगमध्ये कनात लागली, माईक आला, समोसे आले. मी मिनिट्स लिहायला अध्यक्षांच्या शेजारी. एकूण एकतीस फ्लॅटमध्ये कोणी ना कोणी नियमात अडकलं होतं. चड्ढाजी उठले आणि उदारपणे हसले.

“भाइयों, गलतफहमी हुई. स्टुडंट्स को छूट. अटेंडंट को छूट. मेरी बहू को, साठेजी के घर की माताजी को, सब को छूट. बस वो एक फ्लॅट छोड़ के.”

काय सुटकेचा निःश्वास! माणसं टाळ्या वाजवू लागली. कालपर्यंत गेटवर अपमान गिळणारी माणसं. ती चार मुलं टाळ्या वाजवत होती, आजोबा काठी आपटत होते, आणि माझे बाबा तर ‘बिल्कुल’ म्हणून पण मोकळे झाले. ज्याच्या व्हॅनमधून तुमची पोरं जन्माला आली तो मागच्या रांगेत बसलाय, आणि तुम्ही समोसे खाताय! त्या टाळ्यांचा राग माझ्या अजून डोक्यात आहे.

मग शकूमावशी उठली. माईक तिनं घेतलाच नाही.

“मला सूट नको,” ती म्हणाली. “दिरानं पण दिली होती. म्हणाला, वहिनी, तुम्हाला सूट आहे, वर्षभर राहा. वर्ष संपलं, सूट संपली.” मग चड्ढाजींना कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, “जिस दरवाजे से आप उस लड़के को निकाल रहे हो ना, उसी दरवाजे से मैं पहले निकल चुकी हूँ. मुझे मालूम है, वो बाद में सबके लिए खुलता है.”

टाळ्या थांबल्या. चड्ढाजी घाईघाईनं माझ्याकडे वाकले. “बिटिया, तुम लिखो. सबको छूट, एक्सेप्ट...”

मी पेनाला टोपण लावलं.

“नाही लिहिणार,” मी म्हणाले. नेमका तेव्हा माईक किंचाळला आणि कोणालाच ऐकू आलं नाही.

“क्या?”

“नाही लिहिणार.” पुन्हा किंचाळला. एकोणीस वर्षांतलं माझं पहिलं बंड, आणि मला ते तीनदा करावं लागलं! तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की उसातले बगळे उडाले. “नोटीस मी लिहिली होती. चूक केली होती. आता नाही लिहिणार!”

“कोई बात नहीं,” चड्ढाजी म्हणाले, “मैं लिखता हूँ.” पाच मिनिटं खपून त्यांनी लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. त्या वाक्यानुसार सोसायटीतली सगळी माणसं बेकायदा ठरत होती, एक तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून.

हशा पिकला. त्या हशात निखिलदादा उभा राहिला. तो हसत नव्हता.

“आम्हाला सूट नको. कोणालाच नको. नियम रद्द करा. माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवेन, तुमच्या घरातलं तुम्ही ठरवा. मत घ्या.”

पहिला हात चड्ढाजींच्या सुनेचा वर गेला. तिला मताचा अधिकारच नव्हता. पण ती सासऱ्यांच्या शेजारी बसून हात वर करून राहिली, खाली घेईना. मग आजोबांची काठी. मग एकेक. बाबा मोजत होते. तेवीसवर गाडी अडली. विरोधातही तेवीसच हात. बरोब्बर तेव्हा चड्ढाजींनी सुनेकडे पाहिलं आणि डोकं खाजवायला हात वर नेला.

“चोवीस,” बाबा म्हणाले.

“साठेजी, मैं तो खुजली...”

“मोजला,” बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते वरिष्ठांना ‘बिल्कुल’ म्हणाले नाहीत. चड्ढाजींनी पुन्हा एकदा सुनेकडे पाहिलं आणि हात वरच ठेवला.

नियम गेला. मुलं राहिली, आजोबांचा माणूस राहिला, सून आणि नात राहिल्या. मावशीनं ट्रंक उघडली आणि म्हणाली, “चार दिवस राहते.” आणि ज्या दोघांच्या हट्टामुळे हे सगळे राहिले, त्यांच्या दारावरची पाटी पुढच्याच आठवड्यात कोणीतरी खिळ्यानं ओरबाडली. जिन्यात भेटले की लोक भिंतीवरची पालसुद्धा निरखून बघायचे, पण त्यांच्याकडे बघायचे नाहीत. आभार? आभार शकूमावशीनं मानले, वाटीभर साखरआंब्यानं. बस.

यातून मी शहाणी झाले, असं मी बरीच वर्षं समजत होते.

गेल्या महिन्यात मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण गुडगावात भाड्यानं घर बघत होतो. तिसाव्या मजल्यावर काचेच्या खिडक्या, खाली कारंजं. दलालानं सोसायटीच्या नियमांची प्रत पुढे सरकवली. मी वाचायला लागले. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेल्या व्यक्तीच, बाकीच्यांनी... सेमीकोलनसुद्धा जागच्या जागी.

“हे कुठून आणलंत?” मी विचारलं.

“मॅडम, ये तो सालों से हर सोसायटी में चलता है,” दलाल अभिमानानं म्हणाला. “यमुनापार की किसी सोसायटी से फोटोकॉपी हुआ था. क्या ड्राफ्टिंग है! आज तक कोई तोड़ नहीं पाया.”

मी तिथूनच निखिलदादाला फोन लावला. तो इतका वेळ हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, “हा नियम सगळीकडून काढून टाकायचा अर्ज लिहायला घे, आम्ही दोघं येतो. आणि पहिली सही शकूमावशीची.”

तर आता मी सोसायट्या-सोसायट्यांतून सह्या गोळा करत फिरते. माझं छापून आलेलं आणि गावोगाव पोचलेलं हे एकमेव लेखन. आणि जगात मी एकटीच अशी लेखिका असेन, जी दारोदार जाऊन हात जोडून सांगते, कृपा करून माझं वाचू नका!