कडूबाईच्या शेळीचं हिरवं दूध

तामलवाडीची शिवकन्या सोलापुरात शेळीच्या दुधावर पीएचडी करते, म्हणून गाव तिला 'शेळीची डॉक्टरीण' म्हणतं. शाळेत माझ्याच वर्गात होती, मीही म्हणतो.

तिचं काम असं. दुधात डोळ्यांना न दिसणाऱ्या पुड्या असतात. त्यांत आरएनएचे बारके तुकडे, म्हणजे पेशीनं कोणतं प्रथिन बनवायचं थांबवावं, याच्या चिठ्ठ्या. करडाच्या आतड्यातल्या पेशी ही पुडी गिळतात का? गिळली, तर चिठ्ठी कामाच्या जागी पोचते की पुडीसकट पचून जाते? पुड्यांना हिरवा चमकणारा रंग लावून ती हे बघते.

"म्हणजे टपाल वाटलं की पोस्टमननंच खाल्लं, एवढंच ना?" मी विचारलं.

"खाल्लेलंच जास्त असतंय रे."

दूध तिच्या आईच्या, कडूबाईंच्या शेळीचं. बर्फात घालून सकाळच्या एसटीनं जायचं. पहिली दोन वर्षं पुड्या वेगळ्या काढायला शिकण्यातच गेली. यंदा पेशी आतून हिरव्यागार उजळल्या. तुलनेला बिनरंगाचं डेअरीचं दूध होतं, तिथं अंधार. तिचे मार्गदर्शक सर खूश. हैदराबादच्या परिषदेला तिचं नाव गेलं. पीएचडीच्या मुदतीचे आठ महिने उरलेले.

मागच्या आठवड्यात डेअरीचं दूध संपलं, म्हणून तिनं आईच्या शेळीचंच दूध रंग न लावता पेशींवर घातलं. तेही हिरवं! सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलला, काचा बदलल्या. हिरवंच.

रविवारी ती गावी आली. मी ओट्यावर बसलेलो. कडूबाईंनी धार काढली, दूध बाटलीत ओतलं आणि वरून चिमूटभर हळद टाकली.

"आये, हे रोज करतीस?"

"मग? बोडकं दूध शिवेबाहेर धाडू व्हय? एसटीत लई लोकं बघतेत. नजर लागून शेळी आटंल की."

हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवकन्यालाही होतं, सोलापुरात आठवलं नाही, एवढंच. हळद त्याच दिव्याखाली हिरवी चमकते आणि पेशीत सहज शिरते. दुधाची पिवळसर झाक तिनं वहीत 'चाऱ्यामुळे' म्हणून नोंदवली होती.

"चला, हळदीवर पीएचडी झाली," मी म्हणालो. ती हसली नाही. मग मलाही ओट्यावर बसवेना.

तिनं सरांना मोबाइलवर लिहिलं, 'निकाल मागे घ्यावा लागेल.' कडूबाईंना एवढंच कळलं, की हळद नको. दुसरी बाटली भरताना त्यांचा हात डब्याकडं गेला आणि थांबला.

"आटली तर मला म्हनू नगंस."

शेळी आधीच पाव लिटरवर आलेली.

शिवकन्या बाटली बर्फात खोचत होती, तेव्हा सरांचा फोन आला. पहिल्यांदा तिनं नुसता वाजू दिला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा ओले हात ओढणीला पुसून उचलला.