साहेबाचं पान

काल अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या त्याच्या घरी मुलाने स्कॉच उघडली. "बाबा, जस्ट स्मेल करा!" वासासरशी मला साताऱ्याकडच्या आमच्या अंगणातली सर्वपित्री आठवली.

माझे वडील माळकरी, पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत गेलेल्या, आपल्या पलटणीतल्या बाविशीच्या स्कॉटिश लेफ्टनंटसाठी दरवर्षी वेगळं पान मांडायचे आणि भातावर दारूचे थेंब शिंपडायचे. त्या वर्षी त्या पानाला कावळा काही केल्या शिवेना.

"खरं सांगा, कसा गेला तो?" आईने त्यांच्याकडे रोखून बघत विचारलं.

"गोळी लागून. किती वेळा सांगू?"

मग ते पानाशी वाकून पुटपुटले, "साहेब, तुमच्या आईला कधीच कळू देणार नाही."

कावळा लगेच शिवला.

तेव्हा मला नवल कावळ्याचं वाटलं होतं. आता आईचं वाटतं. गोळी कुणाची, हे तिने जन्मात विचारलं नाही.